वार (प्लासेंटा) अमिनो आम्लं स्वतः बनवते, की आईकडून आलेली नुसती पुढे सरकवते?

विचारणा: मुठाकाठ_२३, गणेशखिंड, पुणे

सगळ्यांना नमस्कार. एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प मानवी वारेवर घेतला आहे. वारेत अमिनो आम्लं तयार होतात का, होत असतील तर कुठली आणि कशापासून, हा विषय. वाचन बरंच झालंय, पण काही गाठी सुटत नाहीत.

पहिली गाठ: नाळेच्या रक्तात बहुतेक अमिनो आम्लांचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं. मग ती वारेनं बनवली असं म्हणता येईल का?

दुसरी: मेंढीवरच्या प्रयोगांत वार सेरिन घेते आणि त्याचं ग्लायसिन करून गर्भाला देते, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. माणसातही हेच धरायचं का?

तिसरी प्रयोगाची. वारेचा खंड दोन्ही बाजूंनी परफ्यूज करायची, म्हणजे त्यातून आईच्या आणि गर्भाच्या बाजूनं द्रव खेळवायची, सोय आमच्याकडे नाही. अंकुरांचे (वारेतल्या बोटांसारख्या फांद्यांचे) तुकडे डीएमईएम या पेशी वाढवायच्या तयार माध्यमात ठेवून सहाही कार्बन कार्बन-१३ (कार्बनचं जड समस्थानिक) असलेलं ग्लुकोज द्यायचं आणि काय काय खुणावलं जातं, म्हणजे कशाकशात ही कार्बन-१३ची खूण उतरते, ते जीसी-एमएस या रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर बघायचं, असा बेत आहे. वार हडपसरच्या एका प्रसूतिगृहातून मिळेल. लेखी संमती आणि नीतिमत्ता समितीची परवानगी झाली आहे.

शिवाय मार्गदर्शक मॅडमनी एक प्रश्न हमखास विचारला जाईल म्हणून सांगितलंय: आईनं प्रोटीन पावडर घेतली तर वारेतून गर्भाला अमिनो आम्लं जास्त जातात का?

उत्तर: पेशीपटल, पाषाण

पहिल्या गाठीपासून सुरुवात करतो, ती सुटली की बाकीच्या ढिल्या होतात.

प्रमाण जास्त म्हणजे वारेनं बनवलं, असं अजिबात धरू नका. लायसिनचंच बघा. माणसाच्या कुठल्याही ऊतीला लायसिन बनवता येत नाही. तरीही नाळेतलं आणि आईचं प्रमाण यांचं गुणोत्तर ज्या अमिनो आम्लांत सर्वांत जास्त निघतं, त्यांत लायसिन आहे. म्हणजे ही चढण बनवण्यानं आलेली नाही, ओढून नेण्यानं आलेली आहे.

ओढतो तो सिंसिशिओट्रोफोब्लास्ट. अंकुरांवरचा हा सलग, भिंती नसलेला, अनेक केंद्रकांचा थर आहे. याला दोन पटलं. आईच्या रक्तात बुडालेलं सूक्ष्मांकुरांचं एक, आणि गर्भाच्या केशिकांकडे तोंड केलेलं तळाचं दुसरं. आईकडच्या पटलावर ‘सिस्टिम ए’चे वाहक असतात: स्नॅट-१, स्नॅट-२ आणि स्नॅट-४. ते ॲलनिन, सेरिन, ग्लायसिन, ग्लुटामिन अशी अमिनो आम्लं सोडियमच्या बरोबर आत घेतात. सोडियम उताराकडे धावतो आणि अमिनो आम्ल त्याच्याबरोबर चढावर जातं. तो उतार टिकवायला सोडियम-पोटॅशियम पंप सतत एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) जाळतो. खर्च होतो तो इथे.

ल्युसिन, फिनाइलॲलनिन यांची वाट वेगळी. त्यांना ‘सिस्टिम एल’ आणते आणि ती अक्षरशः साटंलोटं करते: आतलं एक बाहेर, बाहेरचं एक आत. एकूण संख्या वाढत नाही, फक्त जोड बदलते. ‘सिस्टिम ए’नं ॲलनिन आणि ग्लुटामिन आत साठवलं नाही, तर साटंलोटं करायला हातात काहीच उरत नाही. गर्भाकडच्या पटलावर साटंलोटं करणारे असतातच, त्यांच्या जोडीला टॅट-१, लॅट-३ आणि लॅट-४ हे नुसते बाहेर सोडणारे दरवाजेही असतात. निव्वळ पुरवठा याच दारांतून होतो.

आता ‘बनवणं’ म्हणजे काय ते नीट ठरवा. अमिनो आम्लाचे दोन भाग, कार्बनचा सांगाडा आणि अमिनो गट. सांगाडा ग्लुकोजपासून मिळू शकतो: पायरुव्हेटपासून ॲलनिनचा, ऑक्झॅलोॲसिटेटपासून ॲस्पार्टेटचा, अल्फा-किटोग्लुटारेटपासून ग्लुटामेटचा, ३-फॉस्फोग्लिसरेटपासून सेरिनचा. पण ग्लुकोजमध्ये नायट्रोजन नाही. तो दुसऱ्याच कुठल्यातरी अमिनो आम्लाकडून घ्यावा लागतो. वारेत हा दाता मुख्यतः ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन हे त्रिकूट आहे.

पाऊल असं पडतं. ल्युसिन आपला अमिनो गट अल्फा-किटोग्लुटारेटला देतं, तयार होतं ग्लुटामेट. ल्युसिनचं उरतं अल्फा-किटोआयसोकॅप्रोएट. हे काम बीसीएटी या ट्रान्सअमिनेजचं, म्हणजे अमिनो गट इकडून तिकडे देणाऱ्या विकराचं. मानवी वारेत ते भरपूर आहे. त्या किटो आम्लाला पुढे जाळणारं डिहायड्रोजनेज संकुल त्या मानानं तोकडं आहे. म्हणून किटो आम्ल बरंचसं तसंच बाहेर पडतं आणि नायट्रोजन मागे राहतो. तोच ग्लुटामेट मग पायरुव्हेटला देऊन ॲलनिन करतो, ऑक्झॅलोॲसिटेटला देऊन ॲस्पार्टेट करतो, किंवा ग्लुटामिन सिंथेटेज एटीपी खर्चून त्यावर अमोनिया चढवतं आणि ग्लुटामिन होतं.

म्हणून शीर्षकात नुसतं ‘संश्लेषण’ लिहू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ‘नायट्रोजनची फेरवाटणी’ लिहा. नऊ आवश्यक अमिनो आम्लांचा सांगाडा वारेला बनवता येत नाही. टायरोसिन करायला फिनाइलॲलनिन हायड्रॉक्सिलेज लागतं आणि ते मुख्यतः यकृताचं विकर आहे, त्यामुळे त्यासाठीही आईकडेच बघावं लागतं. टॉरिनही वार करत नाही, आईकडून ओढून घेते. प्रथिनं घडवताना टॉरिन वापरलं जात नाही, पण गर्भाला ते लागतं, म्हणून यादीत ठेवा.

ग्लुटामेटबद्दल आणखी एक, कारण इथे बहुतेकांची चूक होते. ग्लुटामेट आईकडून वार ओलांडून गर्भाकडे जवळजवळ जातच नाही. उलट गर्भाचं यकृत ग्लुटामिनपासून ग्लुटामेट करतं, ते नाळेच्या रोहिण्यांतून वारेकडे येतं आणि वार ते गिळते. नाळेच्या रोहिणीत आणि शिरेत एकाच वेळी मोजलं तर रोहिणीत जास्त, शिरेत कमी. बाकीच्या बहुतेकांचं याच्या उलट. आलेलं ग्लुटामेट वार जाळते, ग्लुटामिन करून परत पाठवते, किंवा आणखी एका कामाला लावते. तळाच्या पटलावर ओएटी-४ नावाचा वाहक आहे, तो ग्लुटामेट बाहेर देऊन सल्फेट जोडलेले स्टिरॉइड आत घेतो. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीकडून आलेला डीएचईए-सल्फेट हा असाच एक स्टिरॉइड वारेत शिरतो आणि त्याचं इस्ट्रोजेन होतं. एका अमिनो आम्लाची ये-जा अशी संप्रेरकाच्या कच्च्या मालाशी जोडलेली आहे. प्रकल्पाच्या चर्चेत हे जरूर घ्या, सहसा राहून जातं.

उत्तर: फोलेट_ते_ग्लायसिन, कोथरूड

दुसरी गाठ मी घेते.

मेंढीत आईकडून ग्लायसिन फारसं येत नाही, हे खरं. वार आईचं आणि गर्भाचं सेरिन घेते आणि सेरिन हायड्रॉक्सिमिथिलट्रान्सफरेज, म्हणजे एसएचएमटी, त्याचं ग्लायसिन करतं. गर्भाचं यकृत त्यातलं काही ग्लायसिन परत सेरिन करून पाठवतं. फार देखणं चक्र आहे. म्हणूनच ते पुस्तकात पक्कं बसलं आणि पुढच्या ओळीत ‘मेंढीत’ हा शब्द गळून पडला.

मानवी वारेत एसएचएमटीची क्रिया प्रत्यक्ष मोजली तेव्हा ती कमी निघाली. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे माणसात गर्भाचं ग्लायसिन मुख्यतः वारेत सेरिनपासून बनून जातं, हे गृहीत धरता येत नाही. वाहतुकीचा वाटा मोठा असायला हवा. दुसरीकडे, प्रसूतीआधी आईच्या शिरेतून खुणावलेलं ग्लायसिन आणि ल्युसिन देऊन नाळेत बघितलं, तर ल्युसिनची खूण लगेच पोहोचते आणि ग्लायसिनची फार पातळ होऊन. म्हणजे वाटेत किंवा पलीकडे बिनखुणेचं ग्लायसिन मिसळतंय. ते वारेतलं, की गर्भानं स्वतः सेरिनपासून केलेलं, हे एवढ्यावरून ठरत नाही. या दोन गोष्टी समोरासमोर ठेवून लिहा. एकीनं दुसरी खोडू नका.

हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण गर्भाची ग्लायसिनची गरज प्रचंड असते. कोलॅजेनमध्ये दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. हाडं, त्वचा, रक्तवाहिन्या सगळीकडे तेच. शिवाय हीम, क्रिएटिन, ग्लुटाथायोन आणि प्युरिन यांनाही ग्लायसिन लागतं.

एसएचएमटीला दोन सोबती लागतात: बी-६ जीवनसत्त्वापासून येणारं पायरिडॉक्सल फॉस्फेट आणि टेट्राहायड्रोफोलेट (फोलेट या जीवनसत्त्वाचं कामाचं रूप). सेरिनचा तिसरा कार्बन फोलेटवर चढतो, उरलेले दोन म्हणजे ग्लायसिन. हे तुमच्या खुणेच्या हिशेबात थेट येणार आहे: ग्लुकोजपासून आलेलं सेरिन एम+३ (तीन कार्बन खुणेचे) असेल, तर त्यातून झालेलं ग्लायसिन एम+२ असेल, एम+३ कधीच नाही. एम+१ दिसलं, तर ते फिरून आलेल्या तुकड्यांतून आलंय किंवा नैसर्गिक समस्थानिकांची दुरुस्ती चुकली आहे. दुसरी शक्यता आधी तपासा.

फोलेटचा विषय पुण्यात निघाला की बी-१२ आपोआप येतं. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ १९९३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी सुरू केली. तिथे आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनला विरोध जास्त आढळला. बी-१२ नसेल तर फोलेट मिथिलच्या रूपात अडकून पडतं, टेट्राहायड्रोफोलेट मोकळं होत नाही आणि होमोसिस्टिनचं मेथिओनिनही नीट होत नाही. मात्र त्या अभ्यासात वारेतलं एसएचएमटी मोजलेलं नव्हतं. तेव्हा प्रबंधात हे निष्कर्ष म्हणून जोडू नका, पुढच्या प्रश्नाची दिशा म्हणून दोन ओळीत ठेवा.

उत्तर: परफ्यूजन_पंप, औंध

प्रयोगाचं बोलू. तुमच्या बेतात तीन ठिकाणी पाणी गळतंय.

पहिलं म्हणजे हडपसर ते गणेशखिंड. संध्याकाळच्या गर्दीत तासाच्या आत पोहोचाल याची खात्री नाही. परफ्यूजनसाठी वार बाहेर पडल्यापासून सुमारे अर्ध्या तासात नळ्या जोडलेल्या हव्यात. तुकड्यांना थोडी सवलत आहे, पण रक्तपुरवठा तुटल्या क्षणापासून ग्लायकोलिसिस लॅक्टेटकडे वळतं, एटीपी घसरतो, आणि नेमके तुम्ही मोजणार तेच साठे बदलतात. वार आणू नका, तुकडे तिथेच करा. प्रसूतिगृहात एक टेबल, बर्फाचा डबा, बफर, कात्री, चिमटे आणि ३७ अंशांचा छोटा वॉटर बाथ एवढं पुरतं. उरलेली वार मानवी शारीर कचरा म्हणून पिवळ्या पिशवीत जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत तसंच आहे. पिशवीची नोंद कोण करणार हे परिचारिकेशी आधी ठरवून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी वार मिळणं बंद होतं.

तुकडे कसे घ्यायचे. नाळ जिथे शिरते तो भाग आणि कड सोडा. मधल्या भागातले तीन-चार खंड निवडा. आईकडचा वरचा पातळ डेसिड्युआचा (गर्भाशयाच्या अस्तराचा) थर कात्रीनं उडवा, गर्भाकडची चकचकीत पाटी खाली तशीच ठेवा, मधला अंकुरांचा लगदा घ्या. पांढुरके, कडक भाग म्हणजे इन्फार्क्ट, ते नकोत. १० ते २० मिलिग्रॅमचे तुकडे. कोमट बफरमध्ये पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. धुण्यात कसर केली तर पुढची सगळी मोजणी रक्तपेशींची होते: लाल पेशींत ग्लुटामेट आणि ॲस्पार्टेट रक्तद्रवापेक्षा खूप जास्त असतं, आणि त्यांच्यातलं आर्जिनेज आर्जिनिन तोडून ऑर्निथिन करतं. आर्जिनिन घटलेलं आणि ऑर्निथिन वाढलेलं दिसलं, तर वारेचा शोध लावण्याआधी नमुन्याचा रंग बघा.

दुसरं, डीएमईएम. त्यात ग्लुटामिन साधारण ४ मिलिमोलर, सेरिन आणि ग्लायसिन ०.४ मिलिमोलर आधीच ओतलेलं असतं. एवढ्या बिनखुणेच्या सेरिनमध्ये तुमचं खुणावलेलं सेरिन बुडून जाईल. ग्लुटामेटची खूणही बाहेरच्या ग्लुटामिनमुळे पातळ होईल. डीएमईएमचा एक फायदा आहे: त्यात ॲलनिन, ॲस्पार्टेट, ॲस्पॅराजिन, ग्लुटामेट आणि प्रोलिन मुळात नसतं. पण तेवढ्यासाठी ते वापरू नका. अर्लचा बायकार्बोनेट बफर घ्या, त्यात ५ मिलिमोलर खुणावलेलं ग्लुकोज आणि, नायट्रोजनचा दाता हवा असेल तर, ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन आईच्या रक्तातल्या पातळीच्या आसपास. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटं, प्रत्येक वेळी वेगळे तुकडे. वेळ संपली की तुकडा लगेच उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये बुडवा. हळूहळू थंड केलात तर ट्रान्सअमिनेज तोवर काम करत राहतात.

रात्रभर ठेवायचा मोह टाळा. साध्या हवेच्या ऑक्सिजनमध्ये पहिल्या दिवसात सिंसिशिओट्रोफोब्लास्टचा थर झडतो आणि पुढच्या दोनेक दिवसांत नवा येतो. २४ तासांच्या तुकड्यात तुम्ही नेमकं काय मोजताय हे तुम्हालाच सांगता येणार नाही. माध्यमात आलेलं एलडीएच (पेशीच्या आतलं एक विकर) प्रत्येक वेळेला मोजा, पेशी फुटताहेत का ते कळतं.

तिसरं, दिशा. तुकड्यातून बाहेर पडलेलं ॲलनिन आईकडे जाणार होतं की गर्भाकडे, हे तुकडा सांगू शकत नाही. त्यासाठी परफ्यूजनच लागतं. १९७२ पासून रुळलेली पद्धत आहे ही. एका अखंड खंडाची गर्भाकडची रोहिणी आणि शीर पकडायची, मिनिटाला सुमारे ६ मिली सोडायचं. आईच्या बाजूनं चार-पाच नळ्या खोचून सुमारे १४ मिली. गर्भाच्या बाजूचं जेवढं आत गेलं त्यातलं निदान ९५ टक्के परत यायला हवं. कमी आलं तर कुठेतरी फाटलंय, तो खंड सोडून द्या. बहुतेक प्रयत्न इथेच वाया जातात, कारण प्रसूतीत वार ओढली जाते आणि खंडाला बारीक चीर पडते. सिझेरियनची वार त्या मानानं बरी मिळते.

परफ्यूजनमध्ये हिशेब सरळ असतो. समजा, गर्भाच्या बाजूनं बिनअमिनो बफर चाललाय, शिरेतून बाहेर येताना ॲलनिन १० मायक्रोमोलर आहे आणि प्रवाह मिनिटाला ६ मिली. म्हणजे मिनिटाला ६० नॅनोमोल. खंड ३० ग्रॅमचा असेल तर ग्रॅममागे २ नॅनोमोल. तुकड्यांच्या प्रयोगातही आकडे ‘ग्रॅममागे, मिनिटाला’ याच रूपात द्या, म्हणजे कोणालाही शेजारी ठेवून बघता येतील.

जीसी-एमएससाठी टीबीडीएमएस व्युत्पन्न (सिलिकॉनचा गट जोडून वाफ होण्याजोगं केलेलं रूप) करत असाल तर वस्तुमानातून ५७ वजा झालेले तुकडे बघा: ग्लायसिन २४६, ॲलनिन २६०, सेरिन ३९०, ॲस्पार्टेट ४१८, ग्लुटामेट ४३२. यांत सगळे कार्बन शाबूत असतात. ॲलनिन ग्लुकोजपासून आलं तर २६३ वर चढेल. ग्लुटामेट एका फेरीत ४३४ वर, कारण ॲसिटिल-कोए दोनच कार्बन देतो. ॲस्पार्टेटमध्ये एम+३ दिसलं तर पायरुव्हेट कार्बोक्सिलेज चालू असण्याची शक्यता धरा. नैसर्गिक समस्थानिकांची दुरुस्ती केल्याशिवाय एकही आकडा लिहू नका. कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्के असतोच, पण टीबीडीएमएसमध्ये सिलिकॉन असतं आणि सिलिकॉन-२९ व सिलिकॉन-३० मिळून जवळजवळ ८ टक्के. प्रत्येक रेणूवर असे दोन-तीन सिलिकॉन. बिनखुणेचा नमुना त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं चालवा.

आणि पायरुव्हेटची खूण मोजा. ते जमलं नाही तर लॅक्टेटची. ॲलनिन २० टक्के एम+३ निघालं, यावरून काहीच कळत नाही. पायरुव्हेट ४० टक्के असेल तर निम्मं ॲलनिन या वाटेनं आलंय. पायरुव्हेटही २० टक्केच असेल तर सगळंच.

मुठाकाठ_२३

तिघांचेही मनापासून आभार. डीएमईएम सोडून साध्या अर्ल बफरमध्ये, बिनखुणेच्या ग्लुकोजवर एक चाचणी करून बघितली. दोन तासांत बफरमध्ये ॲलनिन, ग्लुटामेट, ग्लायसिन सगळं वाढलं. पण लायसिन आणि फिनाइलॲलनिनही वाढलं. ही तर वार बनवू शकत नाही. मग बाकीची वाढ खरी धरायची की नाही?

उत्तर: पेशीपटल, पाषाण

लायसिन मोजलंत हे उत्तम केलंत. तीच तुमची नियंत्रक चाचणी आहे.

ही वाढ दोन ठिकाणांहून येते. एक, पेशीत आधीच साठलेली मोकळी अमिनो आम्लं बाहेर झिरपतात; हे पहिल्या १५-२० मिनिटांत जास्त दिसतं. दोन, प्रथिनं तुटतात. प्रथिन तुटलं की वीसच्या वीस बाहेर पडतात, ॲलनिन आणि ग्लायसिनसुद्धा, आणि मोजताना ती ‘बनवलेली’ वाटतात. त्यामुळे ॲलनिनचा आकडा एकटा वाचायचा नाही, लायसिनच्या सोबत वाचायचा.

असं करा. त्याच वारेचा एक तुकडा ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास ठेवा. सगळी प्रथिनं सुटतील. त्यातलं ॲलनिन आणि लायसिन यांचं गुणोत्तर काढा. आता बफरमध्ये लायसिन जितकं वाढलं त्याला त्या गुणोत्तरानं गुणा. एवढं ॲलनिन तुटलेल्या प्रथिनातून आलं असतं. मोजलेलं ॲलनिन त्याच्यावर जितकं असेल, तेवढ्याला ‘बनवलेलं’ म्हणायला आधार आहे. आम्लात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं, ग्लुटामिनचं ग्लुटामेट आणि ॲस्पॅराजिनचं ॲस्पार्टेट होतं, म्हणून त्या जोड्या एकत्रच धराव्या लागतात. पहिली वीस मिनिटं धुण्यात घालवून तो बफर टाकून द्या आणि मग शून्य वेळ सुरू करा.

तुटण्याची खूण म्हणून ल्युसिन वापरू नका. वार ते ट्रान्सअमिनेट करते, त्यामुळे तुटणं कमी भासेल. ट्रिप्टोफॅनही नको, वारेतलं आयडीओ हे विकर ते किन्युरेनिनकडे नेतं. लायसिन आणि फिनाइलॲलनिन ही जोडी ठेवा. दोघांचे निष्कर्ष जुळले तर हात घट्ट.

ट्रान्सअमिनेजची साक्ष हवी असेल तर एका संचात ॲमिनोऑक्सिॲसिटेट १ मिलिमोलर घाला. ॲलनिनमधली खूण पडली पाहिजे. पण हे औषध पायरिडॉक्सल फॉस्फेट वापरणारी विकरं सरसकट अडवतं, एसएचएमटीसुद्धा. त्यामुळे त्या संचातलं ग्लायसिन घटलं म्हणून ट्रान्सअमिनेजला श्रेय देऊ नका. ग्लुटामिनसाठी मेथिओनिन सल्फॉक्सिमिन वेगळं वापरा, ते ग्लुटामिन सिंथेटेज अडवतं.

नायट्रोजन-१५ लावलेलं ल्युसिन देणार असाल तर आणखी एक सावधगिरी. ट्रान्सअमिनेज दोन्ही दिशांनी चालतात. ग्लुटामेटमध्ये नायट्रोजन-१५ दिसला म्हणजे ग्लुटामेट वाढलं असं नव्हे. नुसती अदलाबदल झाली तरी खूण चढते. खूण आणि निव्वळ वाढ दोन्ही एकत्र दाखवल्याशिवाय ‘निर्मिती’ हा शब्द लिहू नका. परीक्षक याच जागी थांबवतात, आणि थांबवायलाच हवं.

उत्तर: प्रसूतिकक्ष_रात्रपाळी, सदाशिव पेठ

पावडरचा प्रश्न मागे पडलाय, तो मी घेते.

पावडर घेतल्यानं आईच्या रक्तात अमिनो आम्लं काही तास वाढतात. पण वारेतून किती जाईल हे आईच्या पातळीइतकंच वाहकांच्या संख्येवर आणि वारेच्या रक्तपुरवठ्यावर ठरतं. वाढ खुंटलेल्या गर्भांच्या वारेत आईकडच्या पटलावरची सिस्टिम एची क्रिया कमी आढळलेली आहे. दार अरुंद झालं असेल तर दाराबाहेर गर्दी वाढवून उपयोग नाही. शिवाय ल्युसिन, फिनाइलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन हे एकाच सिस्टिम एलसाठी भांडतात. एकाचा ढीग ओतला की बाकीच्यांची वाट अडते. आईचा फिनाइलकिटोन्युरिया (रक्तात फिनाइलॲलनिन साठत जाणारा आनुवंशिक आजार) आटोक्यात नसेल तर गर्भाच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होते, कारण फिनाइलॲलनिन वारेतून चढून गर्भात आईपेक्षाही जास्त होतं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारस नीट वाचा. जिथे बायका कुपोषित आहेत तिथे समतोल ऊर्जा-प्रथिन पूरक आहाराला होकार आहे, पण जास्त प्रथिनाच्या पूरकाला स्पष्ट नकार आहे. आपल्याकडच्या आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या तक्त्यात गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीत रोजची ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जादा प्रथिनाची भर आहे. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, दाण्याचं कूट, दोन वाट्या दही-दूध आणि चालत असेल तर अंडं, यांत ती बसते. धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, म्हणून वरणभात आणि पिठलं-भाकरी या जोड्या वारेच्या दृष्टीनंही बरोबर आहेत. लायसिन वार बनवू शकत नाही, हे वर लिहिलेलंच आहे. बी-१२ मात्र शाकाहारी घरात दुधावरच टिकतं, तेव्हा ते रक्तात मोजून घ्यावं.

मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाब असेल तर प्रथिनाचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

उत्तर: परफ्यूजन_पंप, औंध

नमुने साठवण्याचं राहिलं होतं. बफरमधलं ग्लुटामिन सामान्य तापमानाला टिकत नाही, हळूहळू पायरोग्लुटामेट होतं. ऊतीच्या अर्कात विकर जिवंत राहिलं तर ग्लुटामेटही होतं आणि तुम्हाला वाटतं वारेनं बनवलं. तेव्हा प्रथिनं लगेच गाळा, सल्फोसॅलिसिलिक आम्ल किंवा थंड मिथेनॉल यांपैकी एकच कायम वापरा, दोन्हींची सरमिसळ नको. उणे ८० अंश. छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, एक नळी एकदाच वितळवायची. हडपसरहून आणताना कोरडा बर्फ लागेल, साध्या बर्फावर भागणार नाही.

एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) ओपीए हे अमिनो गटाला चिकटून चमकणारं रसायन लावून मोजत असाल तर प्रोलिन दिसणार नाही, कारण ओपीएला प्राथमिक अमिनो गट लागतो. प्रोलिन शून्य आलं म्हणून ‘वारेत प्रोलिन नाही’ असं लिहू नका, त्यासाठी एफमॉक हे दुसरं रसायन लावा. आणि प्रत्येक नमुन्यात सुरुवातीलाच नॉरव्हॅलिन (प्रथिनांत नसलेलं अमिनो आम्ल) ठरावीक मात्रेत घाला. अर्क काढताना किती गळालं ते शेवटी त्याच्यावरूनच कळतं.